साडेपाचची प्रार्थना

दार वाजलं तेव्हा पहाटेचे पाच वीस झाले होते. हे मला आईनं नंतर सांगितलं. त्या वेळी मला एवढंच कळलं, की कुणीतरी दार वाजवतंय आणि ते उघडायला मी उठणार नाहीये.

"नाथा, ऊठ," आई पलंगाशी येऊन म्हणाली. "मार्थाकाकू आल्यात."

"कशाला?"

"प्रार्थनेला."

"मग जाऊ दे ना त्यांना प्रार्थनेला."

"इथंच आल्यात. तुझ्याबरोबर बसायला. तू रोज साडेपाचला बसतोस ना?" आई हसत नव्हती आणि रागावलेलीही नव्हती. "चड्डी बदल आणि बाहेर ये."

मी पँट चढवली, शर्ट उलटा घातला, काढला, परत घातला, तो परत उलटाच. बाहेरच्या खोलीत मार्थाकाकू चटई अंथरून बसल्या होत्या. त्यांनी ती घरून आणली होती. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं बायबल होतं.

"जय ख्रिस्त, नाथा. लवकर आले का रे मी? तयारीत होतास?"

"हो काकू. तयारीतच होतो."

माझ्या गालावर उशीची शिवण उमटलेली होती. ती त्यांना दिसली असणारच. पण बाई विश्वास ठेवायचं घरून ठरवून आली होती, आणि तशा माणसाला शिवण दिसत नाही.

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. मी तेव्हा तेवीसचा होतो. आमच्या मिशन कंपाउंडात सव्वाशे घरं, एक चर्च, एक हातपंप आणि एक मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दुकान माझं. शिवाय मी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचा सेक्रेटरी होतो, कारण माझ्याकडे स्कूटर होती.

मंडळीत आमच्या सगळ्यांच्याच तोंडी प्रभू असायचा. माझ्या तोंडी जरा जास्त. मेलेला मोबाइल सुरू झाला की मी 'हालेलुया' म्हणायचो. नाही झाला तर गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून 'प्रभूमध्ये निजला' म्हणून सांगायचो. चर्चमधले बाक हलवायला येतोस का असं पाळकसाहेबांनी विचारलं की 'प्रभूची इच्छा असेल तर येतो' असं उत्तर ठरलेलं, आणि बाकांच्या बाबतीत प्रभूची इच्छा कधीच नसायची. 'आमेन' तर मी 'हं' सारखं वापरायचो. शेजारच्या दुकानातला रफिक टेलर चार वाजता कात्री खाली ठेवून ओरडायचा, "काय ब्रदर, आमेन का?" म्हणजे चहा सांगू का. मी आतून "आमेन" म्हणायचो. चहा यायचा.

आणि 'तुमच्यासाठी प्रार्थना करतोय' याचा अर्थ आमच्याकडे 'बरंय, निघतो' असा होता. हे सगळ्यांना माहीत होतं. मला वाटत होतं, सगळ्यांना माहीत आहे.

काकू घरी आल्या त्याच्या दहा दिवस आधी, रविवारची उपासना संपल्यावर, त्या मला चर्चच्या फाटकाशी भेटल्या होत्या. मी स्कूटरला किक मारत होतो.

"नाथा, यांच्या पायाचं बोट काळं पडलंय रे."

'हे' म्हणजे शांतवनकाका. शांतवन ओहोळ. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. त्यांना शुगर होती आणि ती शुगर त्यांना मान्य नव्हती.

"कुठलं बोट?"

"उजव्या पायाचं. करंगळी. आता शेजारचंही पडायला लागलंय."

"अरेरे. प्रार्थना करतोय हां काकू."

स्कूटर सुरू झाली होती. मी गिअर टाकला होता.

"कधी?" काकू म्हणाल्या.

"आँ?"

"कधी करतोस? वेळ कुठली?"

हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. आमच्या मंडळीत कुणीच कुणाला विचारला नसावा. मी स्कूटर बंद केली.

"पहाटे," मी म्हणालो. "साडेपाचला."

साडेपाचच का, तर पाळकसाहेब पाचला बसतात असं ऐकलं होतं. त्यांच्यापेक्षा अर्धा तास नम्र असलेलं बरं.

काकूंनी माझा हात धरला. त्यांचा हात राकट, आणि त्याला डेटॉलचा वास. "मग मीही उद्यापासून त्याच वेळेला बसते. तू तिकडून, मी इकडून. दोघांनी मिळून मागितलं की जोर येतो."

"आमेन," मी म्हणालो आणि निघालो.

एवढ्यावर भागलं असतं. पण बुधवारी महिला मंडळात काकूंनी साक्ष दिली, की आपल्यातला एक तरुण मुलगा ह्यांच्या पायासाठी पहाटे उठतो आणि त्याच्याबरोबर बसून मलाही बळ येतं. महिला मंडळातल्या आणखी तिघींनी गजर लावले. शुक्रवारी माझ्याकडे विनंत्या यायला लागल्या. एकीच्या म्हशीला गाभ राहत नव्हता. एकाचा मुलगा बँकेच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसत होता. भालेरावमास्तरांनी तर कागदावर लिहून दिलं, एक ते सात, नंबर घालून, आणि खाली सही. मी सगळ्यांना "साडेपाचला घेतो" म्हणायचो. रविवारी पाळकसाहेबांनी पुलपिटावरून उपदेश करताना माझ्याकडे बघत सांगितलं, की मंडळीचं जागरण तरुणांपासून सुरू होतं. मी मान खाली घातली. ते नम्रतेसारखं दिसलं.

आई माझ्या शेजारीच बसली होती. ती समोर बघत हळूच म्हणाली, "दूधवाला साडेसातला येतो. तोही तुला हाका मारून थकतो."

"सांगणार आहे मी काकूंना."

"कधी?"

"प्रभूची इच्छा असेल तर."

आईनं गीतांचं पुस्तक मिटलं. वडील जाऊन चार वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ती मला फारसं रागवत नसे.

तर त्या पहाटे काकू माझ्यासमोर चटईवर बसल्या आणि आधी त्यांनी काय झालंय ते सांगितलं. आदल्या दिवशी त्या काकांना नगरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिलं आणि सांगितलं, पुढचं अर्धं पाऊल काढावं लागेल. गुरुवारी या. टाच वाचेल, बूट घालून चालता येईल. उशीर केला तर वर सरकेल, मग कुठपर्यंत जाईल ते सांगता येणार नाही.

"गुरुवार म्हणजे उद्या," मी म्हणालो.

"उद्याच. पण हे तयार नाहीत. पाळकसाहेब येऊन समजावून गेले, ऐकत नाहीत. काल रात्री मला म्हणाले, नाथाला विचार. तो रोज बसतोय माझ्यासाठी. प्रभूनं त्याला काही दाखवलं असेल तर मी तसं करीन. तो म्हणाला काप, तर कापू. तो म्हणाला नको, तर नको."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भांड्याचा आवाज बंद झाला.

"मी?" मी म्हणालो.

"तुझंच नाव घेतलं. आधी आपण बसू. मग तू सांग."

आम्ही डोळे मिटले. काकूंनी सुरुवात केली. त्या हळू बोलत होत्या, जसं एखाद्या जवळच्या माणसाला घरचं सांगावं तसं. बोट कधी काळं पडलं, डॉक्टर काय म्हणाले, नगरहून येताना गाडीत काका कसे गप्प होते. मी ऐकत होतो. मग मी ऐकत नव्हतो. मला झोप लागली.

किती वेळ ते माहीत नाही. जाग आली ती काकूंच्या हाताच्या स्पर्शानं. माझं डोकं छातीवर पडलं होतं आणि तोंडाच्या कडेला ओल होती. काकूंच्या डोळ्यांतही पाणी होतं.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

आता मी मोबाइल दुरुस्त करणारा माणूस. पाणी शिरलेला बोर्ड लगेच काढला नाही तर शेजारचं सगळं कुजत जातं, हे गिऱ्हाइकाला मी दिवसातून दोनदा सांगतो. उत्तर मला माहीत होतं. पण काकू माझ्याकडे अशा बघत होत्या, की त्या तोंडावर 'कापा' म्हणायला जीभ उचलेना. मग तोंडात जे नेहमीचं होतं ते बाहेर आलं.

"प्रभू समर्थ आहे, काकू. त्याला अशक्य काही नाही."

हे वाक्य आम्ही पाऊस लांबला तर म्हणतो. लाइट गेली तरी म्हणतो.

काकूंनी पदरानं डोळे पुसले. "म्हणजे कापायला नको," त्या म्हणाल्या. "तो बरा करणार."

आणि मी म्हणालो, "आमेन."

त्यांनी चटई गुंडाळली. जाताना आईला म्हणाल्या, "तुमच्या पोटी रत्न आलंय हो." आईनं मला चहा दिला आणि मी परत झोपलो.

गुरुवारी दुपारी जीपवाला मारुती मोबाइल चार्जिंगला लावायला दुकानात आला. तो म्हणाला, ओहोळड्रायव्हरनी नगरची फेरी रद्द केली, पाय बरा होणार म्हणतायत, कुणाला तरी साक्षात्कार झालाय. मी म्हणालो, हो का.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "काल तू नक्की काय सांगितलंस तिला?"

"मी काही सांगितलं नाही. त्याच म्हणाल्या कापायला नको."

"मग तू काय म्हणालास?"

"आमेन म्हणालो."

आईचा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी तिनं ती उलटली नाही.

"कशाला?" ती म्हणाली.

मी हात धुवून ताटावर बसलो.

शुक्रवारी खरं सांगायला काकूंकडे जाणार होतो. पण शुक्रवारी दुकानात फार गर्दी होती. म्हणजे नव्हती. रफिक आणि मी दिवसभर माशा मारत बसलो होतो. तरी गर्दी आहे असं मी धरून चाललो. रफिकनं चार वाजता हाक मारली तेव्हा मी नको म्हणालो. तो कात्री हातात घेऊनच बघायला आला, बरंबिरं आहे ना म्हणून.

शनिवारी सकाळी मी गेलो.

काका ओसरीत बाजेवर होते. उजवा पाय उशीवर, गुडघ्याखाली सगळी पट्टी, वरून प्लास्टिकची पिशवी. ओसरीत फिनाइल मारलेलं होतं आणि पट्टीवर पावडर टाकलेली होती, पण त्या दोन्हींच्या खालून तिसरा एक वास येत होता. काकांचे डोळे तापानं लाल झाले होते.

"या, या, संदेष्टे!" ते म्हणाले. "बसा. मार्था, नाथा आलाय गं!"

"येते," काकूंचा आवाज परसातून आला.

मी बाजेच्या कडेला स्टुलावर बसलो. येताना वाक्य जुळवून आणलं होतं. ते तसंच्या तसं बोललो. "काका, मी साडेपाचला उठत नाही. कधीच उठलो नाही. मला प्रभूनं काही सांगितलेलं नाही. मी सहज बोलून गेलो."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मला माहीतै," ते म्हणाले.

"काय?"

"अरे, तू शाळेत असताना सातची गाडी कोण चालवायचं? मीच ना? किती वेळा चुकली तुझी? माझा कंडक्टर म्हणायचा, त्या त्रिभुवनच्या पोरासाठी थांबायचं तर आपण आठचीच गाडी करू. आणि तू म्हणे पहाटे साडेपाचला." ते हसायला गेले आणि पाय हलला, तसं त्यांनी ओठ आवळले. थोड्या वेळानं म्हणाले, "मार्था सांगायला लागली तेव्हाच मी ओळखलं."

"मग मला कशाला विचारायला लावलंत?"

"मग कुणाला विचारायला लावू? डॉक्टर म्हणतोय काप. पाळकसाहेब शिकलेला माणूस, तोही म्हणतोय काप. मार्थाही मनातून कापच म्हणत होती, फक्त तिला वरनं शिक्का पाहिजे होता. सगळ्या मंडळीत एकच माणूस असा, ज्याच्याकडनं वाईट काही निघणारच नाही. तुझ्याकडनं काय यायचं ते मला पक्कं ठाऊक होतं."

"काय?"

"गोड काहीतरी."

मला काही वाटलं नाही. म्हणजे वाटायला हवं होतं हे कळत होतं. ओसरीच्या कोपऱ्यात एक चप्पल होती, उजव्या पायाची. डावी कुठं दिसत नव्हती. मी त्या चपलेकडे बघत बसलो.

"काका, ते वर सरकतंय."

"सरकू दे."

"जीव जाईल."

"ऐक," ते म्हणाले. "उजवा पाय आहे हा. ब्रेकचा. एकतीस वर्षं घाटातनं गाडी आणली, नेली. एक माणूस मारला नाही या पायानं. एक कुत्रंसुद्धा नाही. गाडी उभी राहिली ती याच्यावर. आता त्याला कापून बादलीत टाकणार, आणि मी कुबड्या घेऊन स्टँडवर जाऊन बसू? बाकीचे ड्रायव्हर चहा पाजतील मला. कीव करत." ते थांबले. धाप लागली होती. "मला नाही जमायचं ते. मी भितो त्याला. जीव जायला भीत नाही, त्याला भितो. तिला यातलं काही सांगू नको. तिला वाटू दे की प्रभूनं सांगितलं, ती त्याच्यावर राहील. मी गेल्यावर पण ते तिला पुरंल. शब्द दे मला."

मी परत त्या चपलेकडे बघितलं.

"आमेन म्हण, नाथा."

जन्मभर जो शब्द मी मोजला नाही, तो त्यांनी माझ्याकडे हात जोडून मागितला. खरंच हात जोडले होते. त्या हातांना स्टिअरिंगचे घट्टे होते.

मी उठलो आणि परसात गेलो.

काकू धुतलेल्या पट्ट्या पिळून दोरीवर टाकत होत्या. मी ओसरीतलंच वाक्य परत बोललो. पुढं एवढंच जोडलं, की डॉक्टरांनी सांगितलं तेच खरं, आजच न्या.

काकूंच्या हातात एक पट्टी होती. ती त्यांनी पूर्ण पिळली, झटकली, दोरीवर टाकली आणि तिची टोकं सारखी केली.

"एकदाही उठला नाहीस?"

"एकदाही नाही."

"आणि बुधवारी? माझ्याबरोबर बसलास ते?"

"झोप लागली होती."

"मला वाटलं तुला गहिवरून आलं." त्या दोरीकडेच बघत होत्या. "तुझी मान खाली गेली होती. मला वाटलं, हा केवढा रडतोय आमच्यासाठी."

काकांना सगळं माहीत होतं, हे मी सांगितलं नाही. ते त्यांचं त्यांनी सांगायचं होतं. माझ्या तोंडात दोन-तीन वाक्यं तयार होती, क्षमेची, कृपेची, आमची नेहमीची. ती तशीच गिळली.

"इतके दिवस मी म्हणत होते, आम्ही दोघं मागतोय," काकू म्हणाल्या. "रोज सुरुवातच तशी करायची मी. नाथा आणि मी आलोय, असं." त्यांनी पदराला हात पुसले. "मारुतीची जीप बोलाव. आणि तू पण चल. उचलायला माणूस लागेल."

काकांनी जीपमध्ये बसताना माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांना काखेत हात घालून उचललं तेव्हा ते समोर बघत होते, जसं एखादं पोतं उचललं जातंय आणि ते पोतं त्यांच्या ओळखीचं नाही. नगर दीड तासावर होतं. मारुतीनं एकदा विचारलं, "साक्षात्काराचं काय झालं मग?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही, तसं त्यानं रेडिओ लावला.

डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि लगेच परत झाकली. मंगळवारचेच डॉक्टर होते. "गुरुवारी का नाही आलात?" त्यांनी विचारलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. "आमची चूक झाली," त्या म्हणाल्या.

"आता पाऊल राहणार नाही. गुडघ्याखाली कापायचा प्रयत्न करतो. गुडघा वाचला तर पुढं नकली पायावर बऱ्यापैकी चालता येईल. पण आत उघडल्यावरच कळेल. वर घ्यावा लागला तर वर घेणार, तेव्हा विचारायला बाहेर येणार नाही. सही करा."

काकूंनी सही केली.

तीनच्या सुमारास काकांना आत नेलं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर लोखंडी बाक होता. काकू एका टोकाला बसल्या, मी दुसऱ्या. मधल्या जागेत त्यांची पिशवी. समोरच्या भिंतीवर शांतता राखा असं लिहिलेलं होतं आणि त्याच्या खाली एक बाई फोनवर जोरजोरात वांग्याच्या भरताची कृती सांगत होती.

ती बाई गेल्यावर काकू म्हणाल्या, "आता बस."

"बसलोय की."

"तसं नव्हे. प्रार्थनेला बस. आणि मोठ्यानं बोल, मला ऐकू येईल असं. मनातल्या मनात नको."

मी डोळे मिटले. तोंड उघडलं. काहीच येईना. मी तरुण संघाचा सेक्रेटरी, सभा सुरू करायला उभा राहिलो की पाच-पाच मिनिटं न थांबता बोलायचो, आणि त्या बाकावर मला एक शब्द सापडेना. जो उचलावा तो रफिकच्या चहाचा, नाहीतर दुकानातला निघायचा.

"काकांचा गुडघा राहू दे," मी शेवटी म्हणालो.

"कुणाला सांगतोयस?"

"प्रभूला."

"मग त्याला म्हण ना. मला काय सांगतोस?"

"प्रभू," मी म्हणालो. "काकांचा गुडघा राहू दे. पाऊल गेलं ते माझ्यामुळं गेलं. गुडघा राहू दे." पुढं काय म्हणायचं ते कळेना. "एवढंच," मी म्हणालो.

काकूंनी शेवटचा शब्द म्हटला. मी नाही म्हटला.

मग आम्ही वाट बघत बसलो. साडेचार झाले, पाच झाले. एक वॉर्डबॉय आतून झाकलेली बादली घेऊन आला आणि पलीकडच्या दारानं गेला. काकूंनी ती बघितली. मीही बघितली. बादली मोठी होती.

थोड्या वेळानं डॉक्टर आले. त्यांनी टोपी काढली आणि आपल्याच मांडीवर हाताची कड ठेवून दाखवली. "इथून घ्यावा लागला," ते म्हणाले. "इलाज नव्हता. जिवाला आता धोका नाही." आणि ते दुसऱ्या पेशंटकडे गेले.

काकू बराच वेळ डॉक्टरांचा हात जिथं होता त्या उंचीवर हवेत बघत राहिल्या.

"तुझं बोलून झालं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"झालं होतं."

"मग झालं." त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. "विचारलंस तरी."

काकांना वॉर्डात आणलं तेव्हा काकू औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेल्या होत्या. जाताना मला म्हणाल्या, "त्यांनी विचारलं तर तूच सांग. मला नाही सांगता यायचं."

काका जागे होते. भूल कमरेखालचीच दिलेली. सिस्टरनं बजावलं होतं, सहा तास डोकं उचलायचं नाही, उशी घ्यायची नाही. त्यामुळं ते छताकडे बघत होते. अंगावर हिरवी चादर होती. एका बाजूला ती खालपर्यंत उंच होती. दुसऱ्या बाजूला मध्येच सपाट झाली होती. मला दिसत होतं. त्यांना दिसत नव्हतं.

"कोण आहे?"

"मी, नाथा."

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता.

"कमरेखाली काही कळत नाही," काका म्हणाले. "दोन्ही पाय आहेत असं वाटतंय. कुठपर्यंत गेला?"

प्रभू समर्थ आहे. त्याची योजना आपल्याला कळत नसते. जिवावरचं पायावर निभावलं, त्याची स्तुती असो. सगळं तोंडाशी आलं होतं. माझ्याकडे हे कधी कमी पडत नाही.

"गुडघ्याच्या वर," मी म्हणालो.

काकांनी डोळे मिटले. त्यांचा हात चादरीवरून खाली सरकायला लागला. मांडीपर्यंत आला आणि तिथं थांबला. पुढं नेला नाही त्यांनी.

"तू सांगितलंस तिला."

"हो."

"मी नको म्हणालो होतो."

"हो."

मला वाटलं, आता जा म्हणतील. मी स्टूल मागं सारून उठायच्या बेतात होतो.

"किती वेळ डोकं उचलायचं नाही म्हणाली ती?"

"सहा तास."

"मग बस इथं," काका म्हणाले. "मी उठायला गेलो तर दाबून धर."

मी बसलो. नर्स दोनदा येऊन गेली. काकू औषधं घेऊन आल्या आणि पायाशी, जिथं आता पाय नव्हता तिथं, खाटेच्या कडेला टेकल्या. तीन वेळा काकांनी उठायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा मी त्यांचे खांदे धरून त्यांना खाली दाबलं.